शेजारची खिडकी

मोड आलेले वाल कोमट पाण्यात पडले होते. मावशी एकेक चिमटीत धरून दाबत होती आणि दाणा टुणकन सालीबाहेर येत होता. समोरची दुसरी ताटली माझी. ठाण्याला मावशीकडे रविवारी जेवायला गेलं की आधी बिरडं सोलावं लागतं, यात कुणाला सूट नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एका संस्थेनं महिला दिनाला व्याख्यानासाठी बोलावलं होतं आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला होता : ऑफिसातली बायकाबायकांमधली चढाओढ, उत्क्रांतीच्या नजरेतून. फेब्रुवारी संपत आला होता. सोलता सोलता मी मावशीपुढे त्याची रंगीत तालीम करत होतो.

“भाषणाला नाव काय दिलंस?”

“‘बाईच बाईची वैरीण?’ पुढे प्रश्नचिन्ह आहे.”

“प्रश्नचिन्ह टाकलं की सुटलास होय रे?”

मावशीनं एका सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली. क्लार्क म्हणून लागली, मग कॅशवर बसली, हेड कॅशियर झाली आणि शेवटी अधिकारी म्हणून निवृत्त झाली. नोटांची थप्पी मोजताना खोट्या नोटेशी तिचं बोट आपोआप अडायचं म्हणे. आता ते माझ्या वाक्यांशी अडतं.

“तुमच्या विभागातला तो तुझा बरोबरीचा, त्याला नाही का बोलावलं? तो छान बोलतो म्हणतात.”

“बोलतो छान. पण वाचन वरवरचं आहे त्याचं.”

“बरं. तुझं खोल वाचन ऐकव.”

मी डार्विनपासून सुरुवात केली. जगण्याची झटापट सगळ्यांत तीव्र असते ती सारख्यासारख्यांतच, हे त्यानं १८५९ च्या पुस्तकातच लिहून ठेवलंय. वाघाची खरी स्पर्धा हरणाशी नसते, दुसऱ्या वाघाशी असते. कारण दोघांना तेच रान हवं असतं आणि तीच शिकार. पुढे १८७१ च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्यानं जोडीदारासाठीच्या स्पर्धेचा वेगळा विचार मांडला. नरांची शिंगं, आयाळ, झुंजी यांचा उलगडा तिथं होतो. मादीच्या वाट्याला मात्र बहुतेक निवड करण्याचं काम आलं, लढण्याचं नाही. मग १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी म्हटलं की पिल्लावर ज्याचा खर्च जास्त तो चोखंदळ होतो आणि ज्याचा खर्च कमी तो आपसात भांडतो. माणसात बापही पोरांसाठी खस्ता खातो. त्यामुळे चांगला बाप मिळवण्यासाठी बायकांतही स्पर्धा असणार, हे ओघानंच आलं.

“फक्त ती स्पर्धा शिंगांची नसते,” मी म्हणालो. “आई जायबंदी झाली तर पोर जगत नाही. म्हणून मादी समोरासमोर भिडत नाही, आडून वार करते. कुजबुज, नाक मुरडणं, वाळीत टाकणं. ॲन कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये हे फार नीट मांडलंय.”

“आडून वार,” मावशी म्हणाली आणि वाल जरा जोरात दाबला गेला. “पुढे?”

पुढे माझी लाडकी स्लाइड होती. ट्रेसी व्हायांकूर आणि आंचल शर्मा यांचा कॅनडातला प्रयोग, प्रसिद्ध झाला २०११ मध्ये. विद्यार्थिनींना जोडीजोडीनं एका खोलीत बसवलं. मग एक तरुणी कुणा संशोधकाची चौकशी करत आत आली. काही जोड्यांसमोर ती साध्या कपड्यांत आली, काहींसमोर आखूड स्कर्ट आणि खोल गळ्याच्या टॉपमध्ये. मुलगी तीच. लपवलेल्या कॅमेऱ्यानं बघणाऱ्यांचे चेहरे टिपले. साध्या कपड्यांतल्या तरुणीकडे कुणी फारसं लक्षही दिलं नाही. दुसऱ्या वेशात आल्यावर मात्र जवळजवळ सगळ्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं, नाकं मुरडली, ती गेल्यावर शेरेबाजी केली.

“ऑफिसात काम करत होत्या का त्या?”

“नाही, कॉलेजच्या मुली.”

“आणि मुलांवर केला का हा प्रयोग? भपकेबाज शर्ट घालून, महागडं घड्याळ लावून एखादा आत पाठवला?”

“त्या प्रयोगात फक्त मुलीच होत्या.”

“म्हणजे एकाच काउंटरची कॅश मोजलीस आणि शाखा टॅली झाली म्हणालास.”

मला हसू आलं, पण हरल्यासारखं नाही वाटलं. तिला म्हटलं, मावशी, तुला स्वतःला कधीच काही झालं नाही का? चौतीस वर्षांत एकदाही नाही?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं.

“आमच्या शाखेत बावीस माणसं. बायका दोन. मी एक नंबरच्या खिडकीत आणि ती दोन नंबरच्या. मधे लाकडी फळी, वर काच. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनर यायचे. सकाळी साडेनऊपासून पायरीवर बसलेले असायचे. टोकन घ्यायचे आणि मग तिच्या खिडकीसमोर उभे राहायचे. तिच्याकडे वीस म्हातारे आणि माझ्याकडे चार. माझा हात तिच्यापेक्षा जलद होता. माझी कॅश एका रुपयानंही कधी चुकली नाही. तिची आठवड्यातून एकदा तरी चुकायची. पण ती त्यांना विचारायची, ‘काका, डोळ्याचं ऑपरेशन झालं का? काकू कशा आहेत?’ मी नोटा मोजायचे.”

“मग?”

“मग काय. फळीपलीकडून तिचं हसणं ऐकू आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. शेजारच्या पासिंग ऑफिसरची रांग कितीही मोठी असो, मला काही वाटायचं नाही. ती पुरुषाची. हिची रांग मी मोजायचे. रोज.”

इथं माझी बाजू वर आली असं वाटलं. मी तिला सांगितलं की हे अगदी असंच नोंदलं गेलंय. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ अब्राहम बुन्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनातल्या लोकांना विचारलं होतं की कामावरच्या प्रतिस्पर्ध्यात नेमकं काय असलं की पोटात दुखतं. देखणेपण बायकांना पुरुषांपेक्षा जास्त खुपतं हे निघालंच. पण सगळ्यांत जास्त खुपणारी गोष्ट स्त्री-पुरुष दोघांतही एकच निघाली : समोरच्याला माणसं जोडता येणं, सगळ्यांशी त्याचं जमणं.

“बघ, पुरुषांनाही तेच,” मावशी म्हणाली. “तुझ्या स्लाइडवर मात्र आखूड स्कर्ट.”

आणि तिनं विषयच फिरवला.

“पुरुषांचं सांग ना आता. त्यांचं काय करतो तुझा डार्विन?”

पुरुषांचं शास्त्रात भरपूर आहे. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८० च्या दशकात खुनांच्या नोंदी तपासल्या. ‘होमिसाइड’ हे त्यांचं १९८८ चं पुस्तक. अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या दोन तरुण पुरुषांत क्षुल्लक कारणावरून, चारचौघांत अपमान झाला म्हणून झालेले खून किती मोठ्या प्रमाणावर असतात, ते त्यांनी दाखवलं. बघणाऱ्यांसमोर पत जायला नको, हे त्यामागचं गणित. पुरुष समोर येऊन भिडतो, असं मी तिला सांगितलं.

“आमच्या बँकेत कुणी कुणाला भोसकलं नाही,” मावशी म्हणाली. “पण शेरा मारून माणूस संपवलेला मी पाहिलाय.”

तिच्या शाखेत एकाच बॅचचे दोन अधिकारी होते. एकत्र लागलेले, एकत्र परीक्षा दिलेले. एकाकडे कर्जाचे अर्ज यायचे, तो शिफारस करून दुसऱ्याकडे पाठवायचा. दुसरा त्यावर लाल शाईनं लिहायचा : ‘चर्चा करावी.’ चर्चा व्हायची. मग फाइल पुन्हा जायची आणि यायची : ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ पूर्तता व्हायची. मग : ‘पाहिले. जामीनदाराच्या उत्पन्नाचा दाखला जुना आहे.’ एका माणसाला रिक्षासाठी कर्ज हवं होतं. तो पाच महिने हेलपाटे घालत होता. शेवटी त्यानं खासगी सावकाराकडून पैसे उचलले. वर्षअखेरीला पहिल्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात लिहिलं गेलं की कर्जवाटपाचं उद्दिष्ट अपुरं.

“सगळी शाखा त्या दुसऱ्याला काय म्हणायची माहितेय? ‘साहेब कामाला कडक आहेत.’ कुणी नाही म्हणालं, पुरुषच पुरुषाचा वैरी.”

मी क्षणभर थांबलो, कारण हे माझ्या स्लाइडमध्ये नसलं तरी माझ्या वाचनात होतं. फिनलंडचे काय ब्योर्कविस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यापीठातल्या नोकरदारांचा अभ्यास केला. विद्यापीठात उघड मारामारी कुणीच करत नाही, सगळे आडूनच करतात. त्यात दोन तऱ्हा सापडल्या. एक, कंड्या पिकवणं, एकटं पाडणं. ती बायकांत जास्त. दुसरी म्हणजे तर्काचा मुलामा दिलेलं आक्रमण : बोलणं मधेच तोडणं, दुसऱ्याच्या निर्णयावर शंका घेणं, कामाची चिकित्सा करण्याच्या नावाखाली काम अडवणं. ही तऱ्हा पुरुषांत जास्त. म्हणजे आडून वार दोघंही करतात. एकाचा वार कॅन्टीनमध्ये होतो आणि दुसऱ्याचा कागदावर. कागदावरच्या वाराला जावक क्रमांक असतो, एवढंच.

“आणि कॅन्टीनमधलीच भांडणं लोकांना दिसतात,” मावशी म्हणाली.

त्याचाही प्रयोग झालाय. लिआ शेपर्ड आणि कार्ल अक्विनो यांनी २०१३ मध्ये लोकांना ऑफिसातल्या एका वादाचं वर्णन वाचायला दिलं. मजकूर एकच, फक्त नावं बदलली : कधी दोन पुरुष, कधी एक पुरुष एक बाई, कधी दोन बाया. दोन बायांचा वाद असेल तेव्हा वाचणाऱ्यांना तो जास्त बिघडलेला वाटला. यांचं आता कधी जुळायचं नाही, असं त्यांचं मत झालं. भांडण तेच होतं.

हे मी मावशीला सांगितलं आणि लगेच पस्तावलो, कारण तिनं ताटली बाजूला सारली आणि मला म्हणाली, “मग तुझ्या भाषणाचं नाव कुणी ठेवलं? वाचणाऱ्यांनी?”

मीही इरेला पेटलो. म्हटलं, तू सगळं ऑफिसच्या माथी मारतेस. मॅनेजर नाही, प्रमोशन नाही, अशा ठिकाणीही मादीमादींत चढाओढ असते. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात राजस्थानात माउंट अबूला हनुमान वानरांचा, म्हणजे आपल्या काळतोंड्या वानरांचा अभ्यास केला. टोळीतल्या माद्यांत उतरंड असते. आणि त्यात गंमत अशी की तरुण माद्या वर जातात आणि म्हाताऱ्या खाली घसरतात.

“म्हणजे वानरांत रिटायरमेंट आहे! पेन्शन?”

“नाही.”

“पण मला एक कळत नाही,” ती म्हणाली. “बायका भांडल्या की तू म्हणतोस, बघ, वानरीण भांडते. नाही भांडल्या तर म्हणशील, बघ, गांधीलमाशी भांडत नाही. काहीही घडलं तरी तुझ्याकडे एक जनावर तयारच.”

ही टीका नवी नाही. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७९ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, की प्रत्येक गुण कशासाठी तरी घडला असणार असं धरून गोष्ट रचत बसू नका. मावशीनं ते वाचलेलं नाही. तिला ते ताळेबंद तपासून कळतं. पण गांधीलमाशीचं नाव तिनं सहज घेतलं आणि माझ्या हातात आयतं कोलीत आलं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीच्या गांधीलमाशीवर सारं आयुष्य घालवलंय. आपल्याकडे घराच्या वळचणीला कागदी पोळं लटकतं त्यातलीच ही जात. या पोळ्यात राणी असते, पण ती कुणावर दादागिरी करत नाही. बघितली तर ओळखू येणार नाही इतकी गरीब. तिला काढून टाकलं की काही मिनिटांत कामकऱ्यांपैकी एकच माशी एकदम आक्रमक होते आणि सात-आठ दिवसांत राणी होऊन बसते. बाकीच्या तिला विरोध करत नाहीत. पुढची राणी कोण, हे राणी असेपर्यंत शास्त्रज्ञांना ओळखता येत नाही, पण माश्यांना ते ठाऊक असावं असं त्यांच्या वागण्यावरून दिसतं. गदगकर आणि अनिंदिता भद्र यांचा २००८ चा शोधनिबंध याच कोड्यावर आहे.

मावशीचा चेहरा उजळला. “अरे, ही तर ज्येष्ठता यादी!”

“कशी?”

“आमच्याकडे आधी क्लार्कचं प्रमोशन यादीनं व्हायचं. यादी नोटीस बोर्डावर टाचलेली असायची. कुणाचा नंबर कधी, सगळ्यांना पाठ. भांडणं व्हायची ती रजेवरून, पंख्याखालच्या खुर्चीवरून. मग लेखी परीक्षा आणि मुलाखत आली. एका जागेला सहा उमेदवार. त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत डबे वेगळे झाले. तोवर एका टेबलावर बारा डबे उघडायचे.”

“पण यादीनं ढ माणूसही वर जातो की.”

“जातो. माझ्या आधीचा हेड कॅशियर तसाच होता. त्याची कॅश मी टॅली करून द्यायचे, रोज, सहा वर्षं.” हे सांगताना तिला गंमत वाटत होती की राग येत होता, ते मला कळलं नाही. यादी चांगली की परीक्षा, याचं उत्तर तिनं दिलं नाही आणि माझ्याकडेही ते नाही.

तिचा मुद्दा मात्र माझ्या लक्षात आला होता आणि तो साधा नव्हता. बावीस माणसांच्या शाखेत बायका दोन. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा अभ्यास करून हेच लिहिलं होतं : जिथं बाई नमुन्यादाखल एखादीच असते, तिथं तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि दुसरी आली की दोघींची तुलना फक्त एकमेकींशीच होते. मावशीची तुलना पासिंग ऑफिसरशी कुणी केली नाही. मॅनेजर म्हणायचे, ‘बघा, दोन नंबरच्या बाई कशा गोड बोलतात.’ वीस पुरुषांपैकी किती गोड बोलत होते, ते कुणी मोजलं नाही.

‘राणीमाशी’ हा शब्दही याच काळातला. वर गेलेली बाई खालच्या बाईला वर येऊ देत नाही, अशी तक्रार त्यात आहे. बेल डर्क्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेदरलँड्सच्या पोलीस दलातल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्यांवर प्रयोग केला. काहींना आधी, बाई म्हणून आपल्यावर झालेला अन्याय आठवायला सांगितला. ज्यांना स्वतःला ‘बायकांपैकी एक’ म्हणवून घ्यायची फारशी हौस नव्हती, त्यांच्यात तो अन्याय आठवल्यावर राणीमाशीपण वाढलं. इतर बायकांपासून त्या आणखी लांब सरकल्या. म्हणजे राणीमाशी पोळ्यात जन्मत नाही, पोलीस चौकीत तयार होते.

“हे भाषणात घे,” मावशी म्हणाली. “आणि पुरुषांचं पटकन मिटतं, बायकांचं मिटत नाही, असं काही घेतलं असशील तर ते काढून टाक.”

मी ते घेतलं होतं. जॉयस बेनेन्सन आणि रिचर्ड रँगहॅम यांनी २०१६ मध्ये टेनिस, टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि बॉक्सिंगच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिल्या. खेळाडू ४४ देशांचे. सामना संपल्यावर पुरुष प्रतिस्पर्धी एकमेकांना बायकांपेक्षा जास्त वेळ स्पर्श करतात. हस्तांदोलन लांबतं, पाठीवर थाप पडते, मिठी होते. त्यांचं म्हणणं असं की टोळीच्या लढायांत आजचा प्रतिस्पर्धी उद्या आपल्याच बाजूनं हवा असतो, म्हणून पुरुषांना मिटवायची सवय लागली.

“सामना संपल्यावर ना?” मावशीनं विचारलं. “ऑफिसात सामना कधी संपतो?”

मग तिनं मला त्या दोन अधिकाऱ्यांचं पुढचं सांगितलं. इतके शेरे मारूनही दर शुक्रवारी दोघं स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसायला जायचे. बाकीचे पुरुषही असायचे. तिथं रडारड व्हायची, शिव्या व्हायच्या आणि सोमवारी दोघं एकमेकांना ‘काय साहेब’ म्हणायचे. शेरे थांबले नाहीत, पण बोलणं राहिलं.

“मी सहा बाराची लोकल पकडायचे. ती सहा बावीसची. घरी गेल्यावर मला कुकर लावायचा, तिला सासऱ्यांना औषध द्यायचं. भांडण मिटवायला संध्याकाळ लागते रे. आम्हाला कुणी दिली नाही. कॅश टॅली झाली की मी पर्स उचलून पळायचे. तिला एकदा विचारावंसं वाटलं होतं, की बाई, तू त्या लोकांची नावं कशी लक्षात ठेवतेस. ते विचारायला निदान दोन कप चहा लागला असता.”

उत्क्रांतीच्या पुस्तकात संध्याकाळ हा शब्द मला आढळलेला नाही. पुरुष समेट करण्यात तरबेज असतीलही. चित्रफिती खोट्या नाहीत. पण ऑफिसातल्या समेटाला वेळ लागतो, आणि घरी जाऊन काय काय करायचंय यावर तो वेळ ठरतो. एवढं मान्य करायला मला मावशीच्या घरी यावं लागलं.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, ठीक आहे, ऑफिस, लोकल, कुकर सगळं मान्य. पण मूळ ओढ तर जुनीच ना? तुला तिचीच रांग का मोजावीशी वाटली?

“कारण तिची आणि माझी खिडकी शेजारी होती,” ती म्हणाली. “आणि मराठीत याला शब्द आहेत, तुला स्लाइड कशाला हवी? बायकांचा सवतीमत्सर, पुरुषांची भाऊबंदकी. एकीकडे नवरा एक, दुसरीकडे जमीन एक. वाटा मागणारे दोन. खाडिलकरांनी पेशव्यांच्या भाऊबंदकीवर नाटक लिहिलं, ते इतिहास झालं. सवती भांडल्या की ते पाणवठ्यावरचं गॉसिप.”

भाऊबंदकी म्हटल्यावर मला उंबर आठवला. म्हणजे उंबर-पिंपळाच्या जातकुळीतली फळं आणि त्यातल्या इवल्या माश्या. त्यांच्या काही जातींत नराला पंख नसतात, मोठे जबडे असतात. तो फळातच जन्मतो, फळातच मरतो आणि आतल्या माद्यांसाठी दुसऱ्या नरांची मुंडकी उडवतो. ते दुसरे नर पुष्कळदा त्याचे सख्खे भाऊ असतात. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे जवळच्या नातेवाइकाला सांभाळून घ्यायला हवं होतं. मग हे भाऊ लढतात कसे? स्टुअर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा अनेक जाती ताडून पाहिल्या. नर एकमेकांचे किती जवळचे भाऊ, याचा आणि मारामारीचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पुढे मिळू शकणाऱ्या माद्यांच्या संधींशी. संधी जितक्या कमी, तितकी कत्तल जास्त.

मी हे सांगत असतानाच मला कळलं की मी मावशीच्या बाजूनं साक्ष देतोय. माझ्याच शास्त्रातली, माझ्याच तोंडून. कान कुणाच्या पावलांकडे टवकारायचा, ते उत्क्रांतीनं शिकवलं असेल, बरोबरीच्याकडे, सारख्याकडे. पण किती जणांना एका फळात कोंडायचं, ते बँकेनं ठरवलं होतं.

“ती कुठे असते आता?” मी विचारलं.

“तिची बदली झाली कल्याणला. पुढच्या एक तारखेला तिचे सगळे म्हातारे माझ्या खिडकीला आले. आणि प्रत्येकानं विचारलं, ‘त्या बाई कुठे गेल्या?’ दिवसभर. मी वीस वेळा कल्याण म्हणाले.”

वाल संपले होते. मावशी उठली, फोडणी केली, बिरडं टाकलं, झाकणात पाणी ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, “तुझा तो वरवर वाचणारा. तुम्ही दोघं एकाच वर्षी लागलात ना?”

“हो.”

“विभागप्रमुख पुढच्या वर्षी रिटायर होतायत.”

“हो.”

“मागे तू म्हणाला होतास, त्याला नवा मायक्रोस्कोप घ्यायचाय आणि खरेदी समितीवर तू आहेस. आला का तो?”

“फाइल माझ्याकडे आहे. मी त्रुटी काढलीय.”

“कधी?”

“सप्टेंबरात.”

मावशीनं बिरड्यात दोन आमसुलं टाकली आणि गॅस बारीक केला. ती काही बोलली नाही.

त्रुटी खरी आहे. खरेदीच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन्स लागतात. त्याच्या फायलीत दोनच आहेत.